गोळी नेमकी कुठे चुकते? एफपीएस गेममध्ये एम सुधारायचा पूर्ण रस्ता

एफपीएस म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे बंदुकीचे गेम आणि एम म्हणजे नेम. दोन वर्षं मी एकाच रँकमध्ये अडकून होते आणि मला मनापासून वाटायचं की माझे रिफ्लेक्सेसच स्लो आहेत, त्याला कोण काय करणार. तरी रोज एम ट्रेनर, म्हणजे नेमाच्या सरावाचं सॉफ्टवेअर, लावायचा, तासभर भिंतीवरचे गोळे फोडायचे, स्कोअर वाढत जायचा आणि मॅचमध्ये मात्र तेच, समोरचा दिसला की क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधोमध असणारी नेमाची खूण, भलतीकडे. मग एकदा मी स्वतःच्या पाच मॅच रेकॉर्ड केल्या आणि जिथे जिथे मेले तिथे व्हिडिओ थांबवून फक्त एकच गोष्ट बघितली, समोरचा स्क्रीनवर पहिल्यांदा दिसला त्या क्षणी माझा क्रॉसहेअर कुठे होता. एकूण ६४ वेळा मेले होते. त्यातल्या ३७ वेळा क्रॉसहेअर एकतर जमिनीकडे झुकलेला होता नाहीतर सरळ भिंतीत घुसलेला होता. म्हणजे हात स्लो नव्हताच, हाताला कामच खूप जास्त पडत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललेलं माझं दोन वर्षं.

म्हणून हा सगळा लेख एकाच गोष्टीभोवती आहे, "माझा एम खराब आहे" असं म्हणणं सोडा आणि गोळी नेमकी कशामुळे चुकली ते नाव घेऊन सांगता येईल इथपर्यंत या. एकदा कारण कळलं की प्रॅक्टिस आपोआप बरोबर ठिकाणी लागते. उदाहरणं मी जास्त करून व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २) मधली देणारे कारण तेच खेळते, पण बहुतेक गोष्टी कुठल्याही शूटरला लागू पडतात, जिथे फरक आहे तिथे सांगतेच.

पहिलं काम: स्वतःचे मृत्यू मोजा

ओबीएस हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते लावा आणि चार-पाच मॅच रेकॉर्ड करा. सीएस २ मध्ये तर डेमो, म्हणजे मॅचचं गेमनेच ठेवलेलं रेकॉर्डिंग, डाउनलोड करूनच बघता येतो. जमलं तर की-बोर्डची बटणं स्क्रीनवर दाखवणारा ओव्हरले पण लावा, पुढे त्याचा फार उपयोग होतो. मग प्रत्येक हरलेल्या फाइटला थांबायचं, फ्रेम फ्रेम मागे-पुढे करायचं आणि वहीत एक रेघ मारायची. मी पाच रकाने केले होते.

एक, क्रॉसहेअर आधीच चुकीच्या जागी होता. दोन, क्रॉसहेअर डोक्यावर होता पण मी चालत होते म्हणून गोळी वाकडी गेली. तीन, फ्लिक (क्रॉसहेअर लक्ष्यावर न्यायला माऊसला दिलेला झटका) मारला आणि तो डोक्याच्या पुढे निघून गेला. चार, फ्लिक डोक्याच्या अलीकडेच थांबला आणि मी घाईत क्लिक केलं. पाच, बाकीचं सगळं, म्हणजे मागून मारलं, डोळे दिपवणारा फ्लॅश लागला, समोर तिघं होते वगैरे, ज्याचा एमशी संबंधच नाही.

माझे आकडे आले ३७, ११, ९, ४ आणि ३. तुमचे वेगळे येतील आणि ते वेगळे येणं हाच तर मुद्दा आहे. ज्याचे तिसऱ्या रकान्यात तीस आहेत त्याने मी केलं ते करून उपयोग नाही. हे मोजायला एक संध्याकाळ जाते आणि कंटाळवाणं आहे, मान्य, पण हे न करता पुढे गेलात तर परत अंधारात तीर मारणं आलं.

सेटअप: एकदाच करा आणि विसरून जा

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. नाव छान आहे पण ते माऊस अॅक्सिलरेशन आहे, म्हणजे माऊस जितका जोरात हलवाल तितकं जास्त अंतर कर्सर जातो, त्यामुळे तेवढीच जागा हलवूनसुद्धा प्रत्येक वेळी वेगळं अंतर मिळतं. गेममध्ये रॉ इनपुटचा (विंडोजच्या सेटिंगला वगळून माऊसची हालचाल थेट घेण्याचा) पर्याय असेल तर चालू ठेवा. पोलिंग रेट १००० हर्ट्झ ठेवा, म्हणजे माऊस दर १ मिलिसेकंदाला आपली जागा कळवतो, जुन्या १२५ हर्ट्झवर हेच ८ मिलिसेकंदांनी व्हायचं.

मॉनिटर १४४ किंवा २४० हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन खरंच तेवढ्यावर चालतोय का बघा. भरपूर लोकांचा महागाचा मॉनिटर महिनोन्महिने ६० वरच चाललेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. ६० हर्ट्झवर नवीन चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर दर ६.९ आणि २४० वर दर ४.२. व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारा पर्याय) बंद करा, त्याने उशीर वाढतो. ग्राफिक्स कमी ठेवा आणि मुख्य म्हणजे एफपीएस (इथे अर्थ सेकंदाला किती चित्रं) स्थिर राहू द्या, मधेच २०० मधेच ९० असं झालं की हाताला अंदाजच येत नाही. चांगला मॉनिटर असेल तर फायदा होतो पण ६० हर्ट्झवर सुद्धा माझे ते ३७ मृत्यू वाचले असते, म्हणून हार्डवेअर नाही म्हणून थांबू नका.

सेन्सिटिव्हिटी

इथे लोक महिने घालवतात, मी पण घातले. आधी मोजायचं माप समजून घ्या. डीपीआय (माऊस एक इंच सरकला की किती टप्पे मोजतो) गुणिले गेममधला सेन्स (सेन्सिटिव्हिटीचा आकडा) म्हणजे ईडीपीआय, पण हा आकडा एका गेमपुरताच चालतो कारण प्रत्येक गेमचं गणित वेगळं. खरं माप म्हणजे पूर्ण गोल फिरायला, ३६० अंश, माऊस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो ते. ८०० डीपीआयवर सीएसमध्ये सेन्स १ असेल तर साधारण ५२ सेंमी लागतात. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.३५ असेल तर साधारण ४७ सेंमी. सीएसच्या सेन्सला ३.१८ ने भागलं की व्हॅलोरंटचा मिळतो, एपेक्स लेजेंड्सचा आकडा मात्र सीएससारखाच चालतो. गणित नको असेल तर माऊसपॅडशेजारी पट्टी ठेवा, रेंजमध्ये (गेममधल्या सरावाच्या मैदानात) एका खुणेसमोर उभे राहा आणि परत त्याच खुणेवर येईपर्यंत माऊस ओढा, उचलावा लागला तर अंतरांची बेरीज करा.

व्हॅलोरंट आणि सीएससारख्या गेमना ३५ ते ६० सेंमीच्या मधलं काहीतरी घ्या. जिथे सारखं मागे-पुढे वळावं लागतं, एपेक्स, ओव्हरवॉच, तिथे थोडं फास्ट चालतं, २५ ते ४०. या पट्ट्यात कुठलाही आकडा घेऊन चांगलं खेळता येतं. निवडायची माझी पद्धत सोपी आहे, दोन चाचण्या. एक, सहज हात फिरवून मागे वळता यायला पाहिजे म्हणजे १८० अंश, हात टेबलाबाहेर न जाता. दोन, लांबच्या बॉटच्या (संगणकाने चालवलेल्या खेळाडूच्या) डोक्यावर क्रॉसहेअर ठेवून डावीकडे-उजवीकडे चाला आणि क्रॉसहेअर डोक्यावरच टिकतो का बघा. थरथरत असेल तर सेन्स जास्त आहे, मागे राहत असेल आणि हात ओढावा लागत असेल तर कमी आहे.

मग किमान तीन-चार आठवडे हात लावू नका. सेन्स बदलला की मसल मेमरी पुसली जाते असं काही नसतं, थोड्या वेळात मेंदू जुळवून घेतो, पण रोज बदललात तर गोळी सेन्समुळे चुकली की तुमच्यामुळे हे कधीच कळणार नाही आणि आपलं सगळं मोजमापच कोलमडतं.

बसणं आणि हात

हा भाग लोक वाचतच नाहीत. खुर्चीची उंची अशी की कोपर साधारण काटकोनात आणि हाताचा पुढचा भाग टेबलावर नीट टेकलेला, खांदे कानाकडे चढलेले नकोत. मॉनिटरची वरची कडा डोळ्यांच्या जवळपास. रोज त्याच अंतरावर, त्याच उंचीवर बसा, कारण खुर्ची दोन बोटं खाली गेली तरी कोपराचा कोन बदलतो आणि त्या दिवशी एम "ऑफ" वाटतो. मी टेबलाच्या कडेला चिकटपट्टीची एक खूण केलीये, कोपर तिथेच येतं का बघते आणि मगच गेम लावते.

मोठं वळण खांदा आणि कोपरातून, मधलं मनगटातून आणि शेवटचं केसाएवढं बोटांतून, तिघांनाही काम द्या. फक्त मनगटावर खेळणाऱ्याला मोठं वळण जड जातं आणि मनगट लवकर दुखतं पण.

आता खरी गोष्ट, ताण. पुढच्या फाइटच्या वेळी लक्ष द्या, समोरचा दिसला की माऊस किती घट्ट धरला जातो. माझी करंगळी अक्षरशः पांढरी पडायची. हात आखडला की एकाच वेळी दोन्ही बाजूंचे स्नायू ओढायला लागतात, हालचाल झटक्याने सुरू होते आणि थांबते पण झटक्याने, क्रॉसहेअर डोक्याच्या पुढे जातो. तिसरा रकाना भरलेला असेल तर सेन्स बदलायच्या आधी पकड बघा. अंडं धरल्यासारखा माऊस धरा. प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला, बाय करताना (बंदुका विकत घेताना), एकदा श्वास सोडून बोटं सैल करायची सवय लावा, महिनाभरात आपोआप होतं.

क्रॉसहेअर प्लेसमेंट: इथे सगळ्यात जास्त मिळतं

१९५४ साली पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला, लक्ष्य जितकं लांब आणि जितकं छोटं तितका तिथे पोचायला वेळ जास्त. डोक्याचा आकार तुमच्या हातात नाही. अंतर मात्र तुमच्याच हातात आहे, समोरचा दिसायच्या आधीच क्रॉसहेअर त्याच्या डोक्याजवळ असेल तर हाताला जवळजवळ कामच उरत नाही. माणसाला नुसतं काहीतरी दिसून बोट दाबायला सुद्धा साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, हे फारसं कमी होत नाही, त्याच्यावर लागणारा हाताचा वेळ मात्र खूप कमी करता येतो.

आधी उंची. सपाट जमिनीवर, दोघंही उभे असाल तर समोरच्याचं डोकं जवळपास तुमच्या डोळ्यांच्या रेषेत असतं, मग तो पाच मीटरवर असो की पन्नास. म्हणजे नजर सरळ क्षितिजावर ठेवली की उंची आपोआप बरोबर येते. गोंधळ होतो तो चढ-उतारावर आणि जिन्यावर. त्यासाठी हे करा: कस्टम गेम लावा, एकटेच, नेहमीचा मॅप, मित्र असेल तर त्याला वेगवेगळ्या जागी उभं करा आणि प्रत्येक जागी त्याचं डोकं भिंतीवरच्या कुठल्या खुणेला लागतं ते बघा. पेटीची वरची कड, विटांची अमुक ओळ, खिडकीचा काठ. एका मॅपवर अशा पंधरा-वीस खुणा पाठ झाल्या की तिथे तुम्ही वेगळेच खेळाडू होता. मित्र नसेल तर बॉट चालतात.

मग बाजूचं अंतर. कोपरा होल्ड करताना, म्हणजे कुणी येईल म्हणून तिथे नेम धरून थांबताना, क्रॉसहेअर भिंतीच्या कडेला चिकटवून ठेवायची सवय बहुतेकांना असते आणि ती घातक आहे. समोरचा धावत बाहेर येतो, तुमचा मेंदू "आला" म्हणेपर्यंत तो पाव सेकंद पुढे गेलेला असतो, मग तुम्ही त्याच्या मागे माऊस ओढत बसता. कडेपासून एखाद्या माणसाच्या रुंदीएवढी जागा सोडा, समोरचा रुंद स्विंग मारणारा असेल तर अजून थोडी. तो क्रॉसहेअरमध्ये चालत येईल. त्यात नेटवर्कमुळे बाहेर येणाऱ्याला तुम्ही किंचित आधी दिसता, त्यामुळे ही सोडलेली जागा अजूनच कामाची.

स्वतः पुढे जाताना उलट. एकदम मोकळ्यात उडी नको, कोपऱ्याभोवती अर्धगोल करत थोडं थोडं दिसेल असं सरका आणि प्रत्येक नवीन दिसणाऱ्या जागेवर आधीच क्रॉसहेअर ठेवा. कोपऱ्यापासून लांब राहून सरका, भिंतीला घासून नको, कारण कोपऱ्यापासून जो जास्त लांब असतो त्याला समोरचा आधी दिसतो. हे वाक्य मला कुणीतरी पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं.

सराव कसा करायचा तर डेथमॅच (मेलं की लगेच परत जिवंत होऊन खेळायचा प्रकार), पण किल न मोजता. दहा मिनिटं एकच नियम, क्रॉसहेअर कधीही जमिनीकडे जाऊ द्यायचा नाही आणि प्रत्येक कोपऱ्याला "इथून आला तर डोकं कुठे असेल" याचं उत्तर मनात देऊनच वळायचं. स्कोअरबोर्डवर शेवटून दुसरे आलात तरी चालेल. सुरुवातीला डोकं दुखेल इतकं लक्ष द्यावं लागतं, दोन-तीन आठवड्यांनी बोलायची गरज पडत नाही. आणि मधेच धावताना, रिलोड करताना, मॅप बघताना क्रॉसहेअर हळूच खाली सरकतो, तेव्हाच बहुतेक वेळा कोणीतरी भेटतं, तिथे स्वतःला पकडा.

थांबा आणि मग मारा

दुसरा रकाना. सीएस आणि व्हॅलोरंटमध्ये चालता चालता रायफलची गोळी क्रॉसहेअरच्या मध्यावर जात नाही, मग तुम्ही कितीही नीट नेम धरा. सीएसमध्ये की-बोर्डचं बटण सोडलं तरी माणूस थोडा घसरत राहतो, म्हणून काउंटर-स्ट्रेफ, म्हणजे ए दाबून डावीकडे जात असाल तर ए सोडून क्षणभर डी टॅप करायचं, जागेवर ब्रेक लागतो आणि लगेच गोळी. व्हॅलोरंटमध्ये बटण सोडलं तरी पटकन थांबतो पण तालाची सवय तीच.

सराव: भिंतीसमोर उभे राहा, ए, थांबा, एक गोळी, डी, थांबा, एक गोळी. भिंतीवरची खूण बघा, गोळी मध्यावर पडली की वेळ बरोबर. आधी हळू, ताल जमला की वाढवा. पाच मिनिटं रोज, जास्त नको. त्या की-बोर्ड ओव्हरलेत हे स्पष्ट दिसतं, माझ्या ११ मृत्यूंत चालायचं बटण दाबलेलंच होतं गोळी सुटताना.

एपेक्स किंवा ओव्हरवॉचमध्ये हा नियम लागू नाही, तिथे हलत राहूनच मारायचं असतं, थांबलात की मेलात.

फ्लिक

१८९९ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ यांनी हाताच्या नेमक्या हालचालींवर काम केलं होतं आणि त्यात दिसलं की हालचाल दोन भागांत होते, आधी एक मोठी झेप आणि मग नजरेच्या मदतीने छोटी दुरुस्ती. आपला फ्लिक म्हणजे तंतोतंत हेच. लोक झेपेवरच सगळी मेहनत घेतात आणि दुरुस्ती सोडून देतात, मग नशिबाने झेप बरोबर पडली तर किल नाहीतर नाही.

म्हणून दोन तुकड्यांत शिका. रेंजमध्ये बॉट लावा, क्रॉसहेअर बॉटपासून लांब घ्या, मग नजर आधी डोक्यावर न्या, क्रॉसहेअरकडे बघायचंच नाही, नजर जिथे जाते तिथे हात मागोमाग येतो. झेप मारा. आता क्लिक न करता थांबा. कुठे पडला? पुढे की अलीकडे? बोटांनी दुरुस्त करा आणि मग क्लिक. असे पन्नास. हे फार हळू वाटेल पण याने झेप कुठल्या बाजूला चुकते ते हाताला कळायला लागतं. दुसऱ्या आठवड्यात मधला थांबा कमी कमी करत जा, शेवटी झेप-दुरुस्ती-क्लिक एकाच ओघात यायला लागतं.

पुढे निघून जात असेल तर पकड सैल करा आणि झेपेचा शेवट हळू करा, मुद्दाम किंचित अलीकडे थांबायचं आणि उरलेलं बोटांनी भरायचं, कारण पुढे जाऊन उलट फिरण्यापेक्षा त्याच दिशेत थोडं अजून जाणं सोपं असतं. अलीकडेच थांबत असेल तर बहुतेक वेळा हात बरोबर असतो, बोटच घाई करतं. क्लिक एक क्षण उशिरा करा, क्रॉसहेअर डोक्यावर दिसला की मग. व्हॅलोरंटमध्ये व्हँडल रायफलची एक गोळी डोक्यात लागली की १६० डॅमेज आणि पूर्ण शिल्डसकट (चिलखतासकट) समोरच्याकडे १५० हेल्थ असते, म्हणजे बरोबर लागलेली एकच गोळी पुरते, मग आधीच्या तीन घाईच्या गोळ्या कशाला? सीएसमध्ये एके-४७ चं तसंच, हेल्मेट असलं तरी.

ट्रॅकिंग आणि स्प्रे

ट्रॅकिंगचा सराव कुठल्याही गेममध्ये फुकट होतो. भिंतीवरची एक खूण धरा आणि ए-डी करत राहा, क्रॉसहेअर त्या खुणेवरून हलू द्यायचा नाही. मग गोल फिरत, उड्या मारत तेच. खऱ्या माणसाला ट्रॅक करताना तो दिशा कधी बदलेल याचा जुगार खेळू नका, त्याच्या वेगाशी वेग जुळवा आणि दिशा बदलली की मग बदला, थोडं मागे राहणं ठीक आहे, उलट्या बाजूला जाणं वाईट. नजर त्याच्या छातीवर, क्रॉसहेअरवर नाही. एपेक्स-ओव्हरवॉच खेळणाऱ्यांनी आपला निम्मा वेळ इथेच द्यावा.

स्प्रेबद्दल, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग गोळ्या सोडण्याबद्दल, थोडक्यात. सीएसमध्ये प्रत्येक बंदुकीचा पॅटर्न ठरलेला आहे, आधी वर चढतो, मग आडवा जातो, म्हणून तो पाठ करता येतो. पहिल्या दहा गोळ्या पाठ करा, फाइट तेवढ्यातच संपते. सीएस २ मध्ये क्रॉसहेअर रिकॉइलच्या (गोळी सुटताना बंदुकीला बसणाऱ्या धक्क्याच्या) मागे जाण्याचा पर्याय आहे, शिकताना तो चालू करून हात कुठे ओढायचा ते बघून घ्या. व्हॅलोरंटमध्ये आडवा भाग बऱ्यापैकी रँडम आहे, तिथे स्प्रे घोटण्यात वेळ घालवू नका, लांबच्याला एक-दोन गोळ्या, जवळच्याला खाली ओढत थोड्या गोळ्यांचा बर्स्ट.

एम ट्रेनर कसा वापरायचा

कोवाक्स आणि एमलॅब दोन्ही चांगले आहेत, एमलॅब फुकट आहे. चूक होते ती ग्रिडशॉटसारखं एकच मजेदार टास्क दिवसभर खेळण्यात. मोठे गोळे, ओळखीच्या जागी, स्कोअर वाढतो आणि आपण ते टास्क खेळण्यात पटाईत होतो. त्याऐवजी आपल्या रकान्याप्रमाणे निवडा: फ्लिक चुकतो तर छोट्या लक्ष्यांची क्लिकिंगची टास्क, मायक्रोशॉटसारखी, ट्रॅकिंग कमजोर तर स्ट्रेफट्रॅकसारखी. व्होल्टेइक नावाच्या कम्युनिटीने क्लिकिंग, ट्रॅकिंग आणि टार्गेट स्विचिंग अशा वेगवेगळ्या प्रकारांच्या बेंचमार्क केल्यात, त्या एकदा खेळल्या की तुमचा कुठला प्रकार मागे आहे ते लगेच दिसतं. ट्रेनरमध्ये गेमचाच सेन्स आणि एफओव्ही (एका वेळी किती अंशांचं दृश्य दिसतं ते) लावा, व्हॅलोरंटचा १०३ आहे.

आणि अचूकता बघा, स्कोअर नंतर. दहातल्या नऊ गोळ्या लागतील इतक्या वेगाने खेळा, तिथे सोपं वाटायला लागलं की थोडा वेग वाढवा म्हणजे अचूकता आठपर्यंत पडेल, परत नऊवर आणा. मला यापेक्षा चांगली पद्धत सापडलेली नाही.

रोजचा वेळ

मी साधारण ४० मिनिटं देते. १० मिनिटं ट्रेनर, आठवड्याला एकच कमजोरी धरून. ५ मिनिटं थांबा-आणि-मारा. १० मिनिटं रेंजमध्ये दोन तुकड्यांचा फ्लिक. १५ मिनिटं डेथमॅच फक्त प्लेसमेंटसाठी. मग रँक्ड, आणि रँक्डमध्ये एमचा विचार अजिबात करायचा नाही, तिथे फक्त खेळायचं. सगळं एकाच वेळी सुधारायला गेलं की काहीच हाती लागत नाही, म्हणून आठवड्याची कमजोरी वहीत लिहून मॉनिटरखाली ठेवते.

रोज ४० मिनिटं हे रविवारी एकदम पाच तासांपेक्षा खूप जास्त कामाचं, कारण हाताचं शिकणं झोपेत पक्कं होतं. काल जे जमतच नव्हतं ते सकाळी अचानक जमतं असं कितीदा झालंय माझं. झोप कमी झालेल्या दिवशी ट्रेनरचा स्कोअर बघूच नका.

मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपरात दुखायला लागलं, मुंग्या आल्या तर त्याच क्षणी थांबा. स्नायू दमणं वेगळं आणि सांध्यात टोचणं वेगळं. दर तासाला पाच मिनिटं उठा, हात खाली सोडून झटका, मुठी उघडा-मिटा. दोन-चार दिवस थांबूनही राहिलं तर डॉक्टरला दाखवा, मनगटाचं दुखणं अंगावर काढलं तर महिनोन्महिने खेळ बंद होतो.

दर सहा आठवड्यांनी परत मोजा

वही परत काढायची, परत पाच मॅच, परत रेघा. नेहमीच्या रँकमध्ये, नेहमीच्या वेळेला खेळलेल्या घ्या, चांगल्या गेलेल्या निवडून नको. मी सहा आठवड्यांनी मोजलं तेव्हा ५८ वेळा मेले होते. प्लेसमेंट ३७ वरून १८ वर आलेली, चालता चालता मारणं ११ वरून ५. फ्लिक पुढे जाण्याचे मात्र ९ चे १७ झाले होते, आधी बघून मी जरा हबकलेच, मग व्हिडिओ नीट पाहिला तेव्हा कळलं की पूर्वी ज्या फाइटमध्ये मी हात हलवायच्या आधीच मरायचे तिथे आता निदान फ्लिक मारण्यापर्यंत पोचत होते. अलीकडे थांबलेले ६ आणि बाकीचे १२. त्या रात्रीपासून डेथमॅच १५ वरून ५ मिनिटांवर आणली आणि ती १० मिनिटं रेंजमधल्या सैल पकडीच्या सरावाला दिली.